आधी दिसू दे, मग नेम

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात कुणी आपलं गाव सांगितलं की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, ‘घाटावरचं की घाटाखालचं?’ बुलढाणा, चिखली, मेहकर हा घाटावरचा मुलूख. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हा घाटाखालचा, पूर्णेच्या काळ्या मातीचा. या दोहोंच्या मधे अजिंठ्याच्या डोंगररांगेचा उतार आहे आणि त्या उतारावर बोथ्याचं जंगल. माझ्या आजोबांचं शेत या उताराच्या पायथ्याशी, जंगलाला अगदी लागून होतं. त्यामुळे आमच्या घरात दोन वस्तूंना देवघराच्या खालोखाल मान होता. एक तिफण आणि दुसरी बंदूक.

बंदुकीच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. कुणी किती मोठा वाघ मारला, कुणाचा नेम कसा अचूक होता, वगैरे. पण नेम धरायच्या आधी जनावर दिसावं लागतं. ते दिसावं म्हणून माणसानं काय काय खटपट केली, बंदुकीवर दुर्बीण कशी चढली आणि पैसे मोजून घ्यावी अशी दुर्बीण कोणती, याचा इतिहास फारसा सांगितला जात नाही. आज श्रोत्यांना तो सांगायचा आहे. सुरुवात मात्र आजोबांच्या माळ्यावरूनच करतो.

आजोबांची बंदूक ठासणीची होती. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, पुन्हा चिंधी, आणि सगळं गजानं ठासायचं. मागच्या बाजूला टोपी बसवायची. एक बार झाला की दुसरा भरेपर्यंत डुकरांचा कळप शेत ओलांडून निघून जाई. अशी बंदूक शेतकऱ्याच्याच घरी का असायची, यालाही कारण आहे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. पुढे १८७८ साली हत्यारांचा कायदा झाला आणि हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येईना. गोऱ्यांना मात्र त्यातून सूट होती. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा कायदा आला. त्यातही पीकरक्षणाच्या परवान्यासाठी ठासणीच्याच बंदुकीचा उल्लेख आहे. म्हणजे साहेबाच्या हातात रायफल आणि शेतकऱ्याच्या हातात ठासणीची नळी, ही वाटणी फार जुनी आहे. छऱ्यांच्या या बंदुकीचा पल्ला तीस-चाळीस पावलांचा. तिला दुर्बीण लावून उपयोग नव्हता आणि कुणी लावतही नसे.

नळीच्या टोकावर असते ती माशी. मागची खाच, पुढची माशी आणि जनावर एका रेषेत आलं की घोडा ओढायचा. दिवसा हे सोपं. पण डुक्कर येतं रात्री, आणि रात्री माशी दिसतच नाही. आजोबांनी त्यावर काढलेली तोड कापसाच्या मुलुखाला शोभेल अशीच होती. ते बोंडातला चिमूटभर कापूस घेऊन माशीवर डिंकानं चिकटवत. चांदण्यात तो पांढरा ठिपका दिसे.

गोष्ट १९५० च्या दशकातली, मी अगदी लहान असतानाची. ज्वारी हुरड्यात आली होती. सलग तीन रात्री डुकरांनी धुडगूस घातला होता आणि चौथ्या रात्री आजोबा माळ्यावर बसले होते. मध्यरात्रीनंतर ताटांमधे खसखस झाली. काळं, बुटकं, वाकलेलं काहीतरी हळूहळू पुढं येत होतं. आजोबांनी घोडा चढवला. कापसाचा ठिपका त्या काळ्या आकारावर स्थिर झाला. आणि का कोण जाणे, बार काढायच्या ऐवजी त्यांनी हाळी दिली. तो काळा आकार खोकला! शेजारच्या वाडीतला म्हातारा गुराखी होता तो. चुकलेलं वासरू शोधत, घोंगडं पांघरून, वाकून चालला होता. आजोबांनी त्याला माळ्याखाली बसवून पाणी दिलं. तांब्या देताना हात थरथरत होते, असं आजी सांगायची. दुसऱ्या दिवशी ते जेवले नाहीत.

मला कळायला लागल्यावर आजोबांनी ही हकीकत स्वतः सांगितली आणि शेवटी म्हणाले, ‘दिसल्याबिगर घोडा वढू नोको बाप्पू. डुक्कर वाचलं त चार कनसं जातीन. मानूस गेला त कोन आनून देईन?’

पुढे मी विज्ञानाचा शिक्षक झालो. भिंगांचा धडा शिकवताना दरवर्षी मला आजोबांचं हे वाक्य आठवायचं. शिकारीच्या जुन्या हकीकती वाचू लागलो तेव्हा लक्षात आलं की, जी अडचण आजोबांची तीच मोठमोठ्या साहेबांचीही होती.

आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला निमाडचा मुलूख लागतो. तिथे १८६० च्या दशकात जेम्स फोर्सिथ नावाचा अधिकारी जमीनबंदोबस्ताच्या कामावर होता. मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ भागाबद्दलचा त्याचा ग्रंथ १८७१ साली, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध झाला. त्याआधी त्यानं शिकारी रायफल आणि तिची गोळी या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं होतं. नळीचा व्यास केवढा, दारू किती, गोळी किती अंतरावर किती खाली येते, याचा त्यात खल आहे. त्या काळातल्या शिकाऱ्याची सगळी बुद्धी गोळीवर खर्च होत असे. नजरेसाठी उपाय साधे होते. महागड्या दुनळी रायफलींना माशीजवळ पांढऱ्या मिन्याची किंवा हस्तिदंताची दुसरी मोठी माशी असे, ती रात्री उभी करायची. म्हणजे साहेबाचं हस्तिदंत आणि आजोबांचा कापूस, काम एकच.

दुर्बीण बंदुकीवर चढवायचा विचार मात्र त्याआधीच सुरू झाला होता. अमेरिकेत १८४० च्या दशकातल्या जॉन चॅपमनच्या पुस्तकात रायफलीवरच्या दुर्बिणीचं वर्णन आहे. ती दुर्बीण जवळजवळ नळीइतकी लांब असायची. मुंबई इलाख्याच्या सैन्यातला डेव्हिड डेव्हिडसन नावाचा एक स्कॉटिश अधिकारीही याच नादाचा होता. त्यानं बनवलेली दुर्बीण पुढे इंग्लंडच्या व्हिटवर्थ रायफलींवर बसवली गेली आणि १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेच्या निशाणबाजांनी ती वापरली. त्या काळी दुर्बिणींमधली नेमाची फुली बनवायला कोळ्याच्या जाळ्याचा धागाही वापरत, कारण तेवढा बारीक आणि चिवट धागा दुसरा मिळत नसे.

मग वऱ्हाडच्या जंगलात सगळ्या साहेबांच्या रायफलींवर दुर्बिणी होत्या का? नाही. काळविटासाठी मोकळ्या माळावर दोनशे पावलांवरून नेम धरायचा तर दुर्बिणीचा उपयोग होता. पण बोथ्यासारख्या झाडीत जनावर दिसतं पन्नास पावलांवर आणि तेही क्षणभर. त्या क्षणी दुर्बिणीत डोळा घालून जनावर शोधत बसलं तर ते नाहीसं होतं. कुमाऊँतल्या जिम कॉर्बेटनं आपल्या गाजलेल्या शिकारी साध्या माशीच्याच रायफलींनी केल्या. १९२६ च्या मे महिन्यात रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्यानं मारला तेव्हा रात्रीच्या अंधारात त्याच्या मदतीला आली ती बॅटरी, दुर्बीण नव्हे. जनावर मोठं दिसण्यापेक्षा ते मुळात दिसणं ही खरी गरज होती.

दुर्बीण सामान्य शिकाऱ्याला परवडू लागली ती अमेरिकेत, १९३० साली. जर्मन आणि ऑस्ट्रियन दुर्बिणी उत्तम होत्या, पण महाग. विल्यम वीव्हर नावाच्या कारागिरानं त्या वर्षी जेमतेम तीन पट दाखवणारी साधी दुर्बीण बसवायच्या पट्टीसकट १९ डॉलरना बाजारात आणली. तीन पट म्हणजे काहीच नाही, असं आज कुणालाही वाटेल. पण ती लोकांनी घेतली, कारण ती रायफलीवर टिकत होती आणि तिच्यातून जे दिसायचं ते नीट दिसायचं.

दुसरी सुधारणा आली १९३५ साली. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत चार-पाच भिंगं म्हणजे आठ-दहा पृष्ठभाग. हिशेब केला तर एक तृतीयांश उजेड वाटेतच संपतो! झाइस कंपनीतला संशोधक अलेक्झांडर स्माकुला यानं भिंगावर अत्यंत पातळ लेप देऊन ही गळती बरीच थांबवली. आज चांगल्या भिंगात निळसर, जांभळी किंवा हिरवट झाक दिसते ती या लेपाची. दुसऱ्या महायुद्धानंतर दुर्बिणीतली दमट हवा काढून तिथे नायट्रोजन भरायला सुरुवात झाली, म्हणजे आतून धुकं धरत नाही.

इकडे आपल्या देशात शिकारीचे दिवस संपत आले होते. स्वातंत्र्यानंतरही जंगलांचे भाग शिकारीसाठी परवान्यावर दिले जात आणि परदेशी पाहुण्यांना शिकारीची सहल घडवणाऱ्या कंपन्या मध्य भारतात चालत. १९७० साली वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत आपला मेळघाट होता. बोथ्याच्या जंगलाचं १९९७ साली ज्ञानगंगा अभयारण्य झालं, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं. त्याच जिल्ह्यात उत्तरेला सातपुड्यात, मेळघाटला लागून, अंबाबरवा अभयारण्यही झालं. आजोबांची बंदूक त्याआधीच परवान्यासह सरकारजमा झाली होती.

आता माझी फजिती सांगतो. अभयारण्य झाल्याच्या पुढच्याच वर्षी मुंबईला गेलो असताना रस्त्यालगतच्या एका दुकानातून मी डोळ्याला लावायची दुर्बीण आणली. वीस पट दाखवणारी आणि किंमत नऊशे रुपये. दुकानदारानं समोरच्या इमारतीवरची पाटी वाचून दाखवली आणि मी खूश झालो. गावी आल्यावर पोरांना घेऊन संध्याकाळी जंगलाच्या कडेला गेलो. सूर्य मावळला, रोही बाहेर पडले. नुसत्या डोळ्यांनी ते दिसत होते, आणि दुर्बीण लावली की काळोख! जे थोडंफार दिसे तेही भिरभिरत होतं.

आमचे मामा सैन्यातून निवृत्त होऊन खामगावला राहत. रायफल आणि तिच्यावरची दुर्बीण यांत त्यांचं आयुष्य गेलं होतं. माझी नवी खरेदी त्यांनी हातात घेतली, आभाळाकडे धरून हातभर अंतरावरून पाहिली आणि हसून म्हणाले, ‘भाचेबुवा, तुम्ही पोराईले भिंगं शिकवता अन् सोताच फसता?’

मग त्यांनी मला जो हिशेब सांगितला तो मी शाळेत शिकवत असूनही कधी दुर्बिणीला लावला नव्हता. पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमधे घ्या आणि त्याला पटीनं भागा. जे उत्तर येतं तेवढ्या रुंदीची प्रकाशाची शलाका डोळ्यात शिरते. दुर्बीण हातभर लांब धरली की मागच्या काचेत जो उजळ ठिपका दिसतो तो हाच. माझी दुर्बीण होती वीस पट आणि तीस मिलिमीटरची. म्हणजे ठिपका दीड मिलिमीटरचा. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, साठीत पाचपर्यंत. डोळा पाचाचा दरवाजा उघडून बसलेला आणि आत येतंय दीड! काळोख दिसणार नाही तर काय? शिवाय वीस पट म्हणजे हाताची थरथरही वीस पट.

शिकारी रायफलीवर चार पटीची, ३२ मिलिमीटरची दुर्बीण इतकी वर्षं का टिकून राहिली, ते मला तेव्हा उमगलं. बत्तीस भागिले चार म्हणजे आठ. संधिप्रकाशात डोळा जेवढं घेऊ शकतो तेवढं सगळं ती देते. मामांनी पुढे आणखी काही गोष्टी सांगितल्या. दुर्बिणीच्या मागच्या काचेपासून डोळा तीन-साडेतीन इंच दूर राहिला पाहिजे, नाहीतर धक्क्यानं तिची कड भुवईवर चंद्रकोर उमटवते. बसवायची पट्टी आणि कडी पक्की हवीत. दुर्बीण कितीही भारी असली तरी कडी हलली की नेम गेला. एकदा शंभर यार्डांवर नेम बसवला की पन्नास धक्क्यांनंतरही तो तिथेच राहिला पाहिजे, तिची खरी परीक्षा ती. पट वाढवत नेणं हा सगळ्यात स्वस्त मोह आहे, कारण पट वाढवायला खर्च येत नाही. उजेड, मजबुती आणि पाणबंद बांधणी यांना खर्च येतो. ‘आकडा मोठा अन् किंमत लहान दिसली का समजायचं, बाकीचं त्यायनं वाचवलं,’ हे मामांचं सूत्र.

आणि शेवटचा नियम सांगताना त्यांचा आवाज बदलला. रायफलीवरच्या दुर्बिणीनं कधी जनावर शोधायचं नाही. शोधायला हातातली दुर्बीण. कारण रायफलीची दुर्बीण जिकडे वळते तिकडे नळीही वळते. काय आहे ते ठाऊक नाही म्हणून पाहायला जावं आणि पाहता पाहता एखाद्या माणसावर भरली बंदूक रोखलेली असावी, असं होतं. सैन्यात आयुष्य घालवलेला माणूस हे सांगत होता आणि मला माळ्यावरचे आजोबा दिसत होते. एकाकडे कापूस, दुसऱ्याकडे भिंगं. सांगणं मात्र दोघांचं एक.

मामांच्या सांगण्यावरून मी पुढे आठ पटीची, चाळीस मिलिमीटरची हातातली दुर्बीण घेतली. चाळीस भागिले आठ, पाच. माझ्या वयाला पुरेशी. ती आजही आहे. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी चढू नये म्हणून ती पेटीत बंद न ठेवता कोरड्या, उजेडाच्या जागी ठेवतो, सोबत ओल शोषणारी पुडी. श्रोत्यांपैकी कुणी जंगल पाहायला दुर्बीण घेणार असेल तर भागाकाराचा हा हिशेब दुकानातच करावा. उत्तर चार-पाचाच्या खाली आलं तर सकाळ-संध्याकाळी, म्हणजे जनावरं बाहेर पडतात नेमकं तेव्हाच, ती दुर्बीण पेटीत राहील.

एकेकाळी रायफलीवर बसलेली काच आता कॅमेऱ्यात गेली आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्यानं रात्रीच्या वाटेवर तार बांधून वाघाकडूनच वाघाचा फोटो काढून घेतला होता. त्याचं पुस्तक १९२७ साली निघालं. आज देशातल्या वाघांची मोजणी अशाच आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्यांवर होते. आणि आमच्या ज्ञानगंगेनं तर नुसत्या काचेच्याही पुढचं पाहिलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या एका तरुण वाघाला २०१९ च्या फेब्रुवारीत रेडिओ पट्टा बसवला होता. जूनमधे तो निघाला आणि महाराष्ट्र आणि तेलंगणातून शेतं, नाले, रस्ते ओलांडत वर्षाच्या अखेरीस ज्ञानगंगेत पोचला. सगळी भटकंती मिळून तीन हजार किलोमीटरहून अधिक भरली. पट्ट्यानं त्याची पाच हजारांहून जास्त ठिकाणं नोंदवली. २०२० च्या एप्रिलमधे पट्टा काढण्यात आला. ज्या उतारावर साहेब लोक वाघासाठी मचाण बांधत, तिथे आलेल्या वाघाची प्रत्येक मुक्कामाची जागा माणसाला कळत होती, आणि त्याच्यावर कुणी नळी रोखली नव्हती.

पण हे सांगून थांबलो तर आजोबांच्या शेताशी बेइमानी होईल. वाघ पाहायला लोक येतात, सोयाबीन आणि हरभरा खाल्लेलं पाहायला कुणी येत नाही. रोही आणि रानडुकरांनी रात्रीत उभं पीक झोपवलं म्हणजे काय होतं, ते त्या शेतकऱ्यालाच ठाऊक. पिकाची नासाडी करणाऱ्या अशा जनावरांसाठी १९७२ च्या कायद्याच्या ११ व्या कलमात लेखी परवानगीची तरतूद आहे. परवानगी मिळवण्याची वाट मात्र लांब वाटते, आणि चिडून कुणी कुंपणाच्या तारेत वीज सोडतो. तो गुन्हा तर आहेच, पण मला त्याची भीती वेगळ्या कारणानं वाटते. तारेला डोळे नसतात. डुक्कर कोणतं, बिबट्या कोणता आणि वासरू शोधायला आलेला म्हातारा कोणता, हे तिला कळत नाही. ती हाळीही देत नाही.

ठासणीच्या बंदुकीच्या मागे निदान एक माणूस जागा होता. पीक वाचवण्याचा जो काही उपाय आपण यापुढे शोधू, कुंपण असो, भरपाई असो की परवान्याची गोळी असो, त्याच्यामागे असा जागा माणूस असला पाहिजे एवढंच माझं मागणं आहे. पावणेदोनशे वर्षं माणसानं काच घासली, लेप दिले, पट वाढवले, ते सगळं शेवटी एवढ्याचसाठी की समोर काय आहे ते नीट दिसावं. कापसाच्या बोंडावर भागवणाऱ्या माझ्या आजोबांना ते भिंगाशिवाय कळलं होतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)